उरलेले सेकंद

जावास्क्रिप्टमध्ये ‘प्रायव्हेट’ हा शब्द राखीव आहे. एसटीत एखादी सीट राखीव असावी आणि तिच्यावर कुणी कधी बसलेलंच नसावं, तसा. स्ट्रिक्ट मोडमध्ये तुम्ही त्या नावाचं व्हेरिएबल बनवू शकत नाही, कारण भाषेने तो शब्द भविष्यातल्या कुठल्यातरी कामासाठी बाजूला ठेवलाय. पण ते काम काही त्याला अजून मिळालेलं नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये तो शब्द चालतो खरा. पण टाइपस्क्रिप्टचं जावास्क्रिप्ट झालं की तो पुसला जातो.

तरीही आम्ही फ्रंटएंडवाले दिवसभर ‘प्रायव्हेट’ व्हेरिएबल्स लिहीत असतो. आणि बग शोधताना तीच व्हेरिएबल्स ब्राउझरच्या कन्सोलमधून बिनदिक्कत बदलत असतो. हे दोन्ही एकाच पगारात.

कन्सोल म्हणजे काय, हे माहीत नसेल तर लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून एफ-१२ दाबा. (हे फोनवर वाचत असाल तर राहू द्या, फोनवर ते असं दिसत नाही. आणि हा मुद्दा पुढे येणार आहे.) पानाच्या कडेला एक खिडकी उघडते, तिच्यात त्या पानाची सगळी आतडी दिसतात. कुठला मजकूर कुठे, कुठली फाइल कधी आली, कुठला कोड चालतोय. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधल्या एकाने निकालाच्या पानावर अशीच खिडकी उघडून एम-थ्रीमधले १८ मार्क खोडून ५८ केले आणि स्क्रीनशॉट घरी पाठवला. घरी पेढे वाटले गेले. विद्यापीठाच्या सर्व्हरवर १८ ते १८च होते. ब्राउझरमध्ये तुमच्यासमोर असते ती तुमची प्रत. तिच्यात काहीही करा, रिफ्रेश केलं की मूळपदावर.

पानावर दिसणारा आकडा बदलणं सोपं. कोडच्या पोटातलं व्हेरिएबल बदलणं थोडं कठीण, आणि त्याला कारण आहे ‘क्लोजर’.

ब्रेंडन आइकने १९९५च्या मे महिन्यात नेटस्केपसाठी ही भाषा दहा दिवसांत उभी केली, ही गोष्ट प्रत्येक कोर्सच्या पहिल्या तासाला ऐकवतात. त्या भाषेत खासगी काही ठेवताच येत नाही, असा अनेकांचा समज होता. मग २००१मध्ये डग्लस क्रॉकफर्डने एका लेखात दाखवून दिलं की येतं. युक्ती अशी: एका फंक्शनच्या आत व्हेरिएबल ठेवायचं आणि त्याच फंक्शनच्या आत दुसरं फंक्शन लिहायचं. बाहेरचं फंक्शन चालून संपलं तरी आतलं फंक्शन त्या व्हेरिएबलला घट्ट धरून बसतं. बाहेरच्या जगाच्या हाती फक्त आतलं फंक्शन लागतं, व्हेरिएबल नाही. झाकली मूठ.

यापेक्षा आळशी रीत म्हणजे नावाच्या आधी अंडरस्कोर लावायचा. तो लावलेला दिसला की बाकीच्यांनी समजून घ्यायचं, याला हात लावायचा नाही. गावाकडच्या घरात पाहुणा ओसरीवर बसतो, माजघरात बोलावल्याशिवाय जात नाही. मध्ये कुलूप काही नसतं. आणि आता २०२२च्या स्टँडर्डपासून क्लासमध्ये नावाआधी # लावला की ते खरोखर खासगी होतं. म्हणजे बाहेरच्या कोडने हात लावला तर भाषाच एरर देते.

आता टायमर.

आमची कंपनी ऑनलाइन परीक्षांचं सॉफ्टवेअर बनवून देते. दोन वर्षांपूर्वी मी त्या टीममध्ये आले तेव्हा परीक्षेच्या पानावरचा टायमर कधीचा लिहून झाला होता. लिहिणारा नोकरी सोडून गेला होता आणि मला तो फक्त गिटमधल्या नावापुरता माहीत होता. नीटनेटका कोड होता, हे सांगायला हवं. ‘घड्याळ’ नावाचं फंक्शन, त्याच्या आत ‘उरलेले’ नावाचं व्हेरिएबल, त्यात ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास. दर सेकंदाला एक वजा करायचा, शून्य झालं की पेपर आपोआप सबमिट. (नावं मूळ कोडमध्ये इंग्रजीत होती. पण जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नावं चालतात, खरंच चालतात, करून बघा. आकडे मात्र इंग्रजीच लागतात.)

शून्याला पोचल्यावर पेपर नीट सबमिट होतो का, हे तपासायचं असेल तर? दर वेळी दीड तास कोण बसणार? टेस्टिंगमधल्या मैत्रिणीने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, “अगं, हा आकडा पाचवर आणता येईल का?”

कन्सोलमध्ये सरळ ‘उरलेले’मध्ये ५ टाकून एंटर मारलं तर कन्सोल म्हणतो, ५. एरर नाही, तक्रार नाही. आणि पानावरचं घड्याळ आपलं १:१२:४०, १:१२:३९ असं निवांत चालू. यात कित्येक ज्युनियरांच्या दुपारी गेलेल्या मी पाहिल्यात. होतं असं की कन्सोल उभा असतो ग्लोबल जागेत, घराबाहेर. तिथून त्याला आतला ‘उरलेले’ दिसतच नाही, म्हणून तो त्याच नावाचं नवंकोरं ग्लोबल व्हेरिएबल बनवतो आणि त्यात ५ ठेवतो. गल्लीत जाधव शोधायला जावं आणि भलत्याच जाधवांना निरोप सांगून परत यावं, तसं.

खरा रस्ता ‘सोर्सेस’मधून जातो. तिथे फाइल उघडायची. प्रॉडक्शनची असेल तर सगळी नावं आखडून ए, टी, ई अशी झालेली असतात, तेव्हा महिरपी कंसांच्या बटणाने ती निदान ओळीत तरी आणायची. जिथे एक वजा होतो ती ओळ शोधायची आणि तिच्या क्रमांकावर क्लिक करायचं. हा ब्रेकपॉइंट. पुढच्या सेकंदाला कोड त्या ओळीवर येतो आणि थांबतो. पान करडं पडतं. आता तुमचा कन्सोल ग्लोबल जागेत नाही, त्या फंक्शनच्या आत उभा आहे. ‘उरलेले’ टाइप करा, ४३६१ असं उत्तर येतं. त्यात ५ टाका. एफ-८ दाबून कोडला पुढे जाऊ द्या. पाच, चार, तीन, दोन, एक, पेपर सबमिट.

पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला झालेला आनंद लेखात मांडण्यासारखा नाही, पण झाला होता.

यातही खाचाखोचा आहेत. क्रोमचं इंजिन काटकसरी आहे. आतल्या कुठल्याच फंक्शनला जे व्हेरिएबल लागत नाही ते क्लोजरमध्ये ठेवतच नाही. मग समोर कोडमध्ये नाव दिसतंय, पण कन्सोल म्हणतो की असं काही अस्तित्वात नाही. दर वेळी थांबायचं नसेल तर ब्रेकपॉइंटला अट घालता येते, आणि त्या अटीतच गुपचूप नवी किंमत टाकून शेवटी ‘फॉल्स’ म्हणायचं: कोड थांबत नाही, पण जाताजाता बदलून जातो. आणि ते # लावलेलं, भाषेने खरोखर बंद केलेलं दार? क्रोमचा कन्सोल त्यातूनही आत जाऊ देतो. बाहेरच्या कोडला मनाई, पण डिबगिंग करणाऱ्या माणसाला मुभा. मला हे योग्यच वाटतं. मशीन माझं, ब्राउझर माझा, त्यात चाललेला कोड मला थांबवून बघता आला पाहिजे. ‘प्रायव्हेट’ ही प्रोग्रॅमरने दुसऱ्या प्रोग्रॅमरला केलेली विनंती आहे. वापरणाऱ्यापासून लपवायची तिजोरी ती कधीच नव्हती.

ब्रेकपॉइंटची आणखी एक गंमत तेव्हा लक्षात आली होती, पण तिचं पुढे काय होणार ते माहीत नव्हतं. कोड थांबलेला असतो तेव्हा टायमरही थांबतो. भिंतीवरचं घड्याळ चालू राहतं. मी ४३६१वर थांबवून चहाला गेले आणि परत आले, तर ४३६१च.

मग गेल्या वर्षी एका शिक्षणसंस्थेची परीक्षा झाली आणि नंतर एक एक्सेल आली. मुदतीनंतर पेपर सबमिट केला म्हणून ज्यांचे पेपर बाद झाले, त्या विद्यार्थ्यांची. एका स्क्रीनवर न मावणारी यादी. शेवटच्या कॉलमचं नाव होतं ‘गैरप्रकार’.

सोबत एक तक्रारअर्जही फॉरवर्ड झाला होता, नाव काढून टाकलेला, रोल नंबर तेवढा ठेवलेला. ‘सर, मी पेपर सोडवत होते. स्क्रीनवर पाच मिनिटं बाकी दाखवत होती म्हणून मी शेवटचा प्रश्न पूर्ण करून सबमिट केलं, तर वेळ संपली असं आलं. फोन पप्पांचा आहे. मध्ये डेअरीवाल्यांचा कॉल आला होता, पप्पा बाहेर जाऊन पंधरा मिनिटं बोलले. तेवढा वेळ गेला तो गेला, पण नंतर घड्याळ बघूनच लिहीत होते.’ ‘होते’वरून कळलं, मुलगी आहे.

पान दर तीस सेकंदांनी सर्व्हरला उत्तरं पाठवतं, सोबत ‘उरलेले’चा आकडाही. परीक्षा ११ ते १२:३०. तिच्या ओळींमध्ये १२:२५ला तीनशे सेकंद असायला हवे होते, होते ९६०. अकरा मिनिटं जास्तीची. संस्थेच्या आयटीतले एक सर व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप शेअर करून ब्रेकपॉइंट लावला, आकडा बदलून दाखवला आणि म्हणाले, “हे बघा. यूट्यूबवर बघून कुणीही करेल. हे सरळ टायमरशी छेडछाड केल्याचं प्रकरण आहे.”

आमचा मॅनेजर म्युट करून माझ्याकडे वळला. “अगं, पण ते व्हेरिएबल प्रायव्हेट आहे ना? मग बदलेल कसं? तसं सांग ना त्यांना.”

त्याचा हेतू वाईट नव्हता. बदलताच येत नाही असं म्हटलं की आमचं सॉफ्टवेअर सुरक्षित, आणि मुलंही सुटली असती. फक्त ते खोटं होतं, आणि समोरच्या सरांनी नुकतंच बदलून दाखवलं होतं. बदलता येतं म्हटलं, तर यादीतल्या प्रत्येकाच्या नावापुढे तो कॉलम कायम. बदलता येतं आणि यांनी बदललेलं नाही, ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे मीटिंगमध्ये सांगायला फार कठीण असतं. मी एक दिवस मागून घेतला.

त्या दिवशी आम्ही दोघींनी तीन गोष्टी करून बघितल्या. आधी लॅपटॉपवर ब्रेकपॉइंट लावून आकडा अकरा मिनिटांनी वाढवला. लॉगमध्ये ते लगेच दिसलं: एका नोंदीत १५०० आणि तीस सेकंदांनंतरच्या नोंदीत २१३०. आकडा वर चढला. मग यादीतल्या सगळ्यांच्या नोंदींवरून एक छोटी स्क्रिप्ट फिरवली. एकाही विद्यार्थ्याच्या ओळींमध्ये आकडा कुठेही वर चढलेला नव्हता. सगळ्यांच्यात होतं ते भगदाड. मध्येच काही मिनिटं नोंदीच नाहीत, आणि नंतर जिथे सोडलं जवळजवळ तिथूनच पुढे सुरू.

मग मी माझ्या फोनवर परीक्षा सुरू केली आणि मैत्रिणीने शेजारच्या खोलीतून मला फोन केला. पंधरा मिनिटं बोलायला विषय लागतो. आम्ही तिच्या घरमालकावर बोललो. ब्राउझर मागे गेला. बॅटरी वाचवायला ब्राउझर आणि फोन अशा मागे पडलेल्या पानांचे टायमर आधी संथ करतात आणि मग थांबवतात. कधी लगेच, कधी काही मिनिटांनी, फोनाफोनावर अवलंबून. कॉल संपवून परत आले तेव्हा माझ्या घड्याळाने साधारण दहा मिनिटं मोजलेलीच नव्हती. लॉगमध्ये भगदाड. तिचं होतं अगदी तसं.

इथे थांबलो असतो तर रिपोर्ट छान झाला असता. पण मला चहाला जातानाचा तो ४३६१ आठवत होता. तिसरी गोष्ट म्हणून लॅपटॉपवर ब्रेकपॉइंट लावला, आकड्याला हात न लावता अकरा मिनिटं नुसतं थांबवून ठेवलं आणि मग सोडलं. लॉगमध्ये भगदाड. तेही तसंच.

म्हणजे पप्पांना आलेला फोन आणि मुद्दाम थांबवलेला वेळ, सर्व्हरला दोन्ही सारखेच दिसतात. यादीतले जवळपास सगळे फोनवरून बसलेले होते आणि फोनवरचं पान असं थांबवायचं तर फोन लॅपटॉपला जोडायला लागतो. ज्या घरात परीक्षेला पप्पांचा फोन मागून घ्यावा लागतो, तिथे हे कितपत शक्य आहे ते कुणीही सांगेल. पण ‘फोनवरून बसले’ हेसुद्धा ब्राउझरनेच सांगितलेलं असतं, आणि तेही बदलता येतं.

मी रिपोर्टमध्ये हे सगळं लिहिलं. मॅनेजर म्हणाला, “‘थांबवून ठेवल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही’ हे वाक्य काढ. ते लोक तेवढंच वाचतील.” तो बरोबर होता, पुढे त्यांनी तेवढंच वाचलं. पण वाक्य काढलं असतं आणि त्या सरांनी स्वतः थांबवून बघितलं असतं, तर आमच्या बाकीच्या दोन प्रयोगांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. वाक्य राहिलं. त्याच्या वर मी आणखी एक घातलं: ही शक्यता आपल्याला नाकारता येत नाही, कारण आपण वेळ विद्यार्थ्याच्या फोनला विचारत होतो.

हे मॅनेजरला पटलं ते खाली टपरीवर. चहावाल्याला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले आणि सवयीने फोनची स्क्रीन त्याच्यासमोर धरली. त्याने बघितलंही नाही. त्याच्या मागच्या फळीवरचा साउंडबॉक्स ‘बीस रुपये प्राप्त हुए’ म्हणाला आणि मग त्याने मान हलवली. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर काय दिसतं त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. स्क्रीनशॉट खोटा असेल, नेट अडकलेलं असेल, गिऱ्हाईक प्रामाणिक असेल किंवा नसेल, त्याला त्यात पडायचंच नाही. तो आपला डबा ऐकतो. “आपण काय करत होतो,” मी म्हटलं, “गिऱ्हाइकाची स्क्रीन बघून चहा देत होतो, आणि चूक निघाली की गिऱ्हाइकाला चोर म्हणत होतो.” मॅनेजर म्हणाला, “हे असं ईमेलमध्ये लिहू नकोस.” मग त्याने थोडं बदलून स्वतःच लिहिलं.

दोनेक आठवडे मेल इकडून तिकडे गेल्या. आयटीतल्या सरांचं म्हणणं शेवटपर्यंत होतं की यादीत दोन-चार तरी लबाड असणार. असतीलही. मी नाही म्हटलं नाही. शेवटी फेरपरीक्षा ठरली, यादीतल्या सगळ्यांसाठी. नवी एक्सेल आली त्यात शेवटच्या कॉलमचं नाव ‘तांत्रिक’ झालं होतं.

मधल्या काळात टायमर बदलला. आता सर्व्हर सांगतो परीक्षा किती वाजता संपणार आणि आत्ता किती वाजलेत. फोनचं स्वतःचं घड्याळ मागेपुढे असलं तरी त्या हिशोबात ते धरून घेतलेलं असतं. पान दर सेकंदाला एक वजा करत बसत नाही, शेवटच्या वेळेपासून किती लांब आहोत ते मोजतं. मागे गेलेलं पान पुन्हा समोर आलं की आधी सर्व्हरला विचारतं. ‘उरलेले’ अजूनही आहे, आता # लावून. कन्सोलमधून ते अजूनही बदलता येतं आणि टेस्टिंगला आम्ही अजूनही बदलतो. फक्त टेस्ट सर्व्हरवर तो दर तीस सेकंदांचा हिशोब बंद ठेवावा लागतो, नाहीतर आकडा पुन्हा जागेवर येतो.

फेरपरीक्षेच्या दिवशी मला लॉग बघायचं काही कारण नव्हतं, तरी उघडून बसले. तिचा रोल नंबर पाठ झाला होता. दर तीस सेकंदांनी एक नोंद येत होती, २७१०, २६८०, २६५०. मग थांबली. मी खाली-वर स्क्रोल करत राहिले. चार मिनिटं काहीच नाही. मग पुढची नोंद आली, २४१०.

त्यानंतर शेवटपर्यंत कुणाचा फोन आला नाही. तिने तीस सेकंद बाकी असताना सबमिट केलं.